पोटाला हात लावू नये

सुगंधाबाईचा कोणावरच भरवसा नव्हता. तराजूवर नव्हता, एसटीच्या कंडक्टरवर नव्हता, अन् सोयऱ्याधायऱ्यांवर तर मुळीच नव्हता. सावलीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये तिचं गाव. गावाच्या टोकाला तलाव, अन् तलावाच्या पाळीला लागून ढिवरपुरा, मासेमाऱ्यांची वस्ती. जाळ्यातून निघालेली मासळी आधी सगळ्यांसमोर पाळीवर मांडायची, मग वाटे पाडायचे, हा ढिवरपुऱ्याचा जुना कायदा. पण मांडली त्याच्या बाहेर एखादी मरळ कोणी टोपलीत दडपली की काय, म्हणून सुगंधाबाई प्रत्येकाच्या टोपलीतला पाला उचलून पाहायची. शेजारचा लटारू म्हणायचा, "ही बुढी यमालेही म्हनन, चाल, पन आधी रेड्याचे दात दाखव." लोक खो खो हसायचे. सुगंधाबाई हसायची नाही. नवरा वैनगंगेच्या पुरात गेला तेव्हा गोविंदा तिच्या कडेवर होता, अन् त्याच्या बारशाला पेढे खाल्लेल्या माणसांनीच तिचा वाटा मारायला सुरुवात केली होती. तेव्हापासून तिचा डोळा कधी पुरता मिटलाच नाही.

भरवसा होता तो एकाच गोष्टीवर, आपल्या दोन हातांवर. लेकराचं पोट फुगलं, कोणा बाईच्या ओटीपोटात गोळा उठला, ओझं उचलून कोणाची बेंबी सरकली, की माणसं सुगंधाबाईच्या ओसरीवर. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून ती अशी चोळायची की रडतं लेकरू मांडीवरच झोपी जाई. "डाक्टराले मशीन लागते," ती म्हणायची, "माह्या बोटायले डोळे आहेत."

त्या साली चैतातच तलाव खाली गेला. गाळात राहिलेली मासळी मरायच्या आत काढायची म्हणून पहाटेपासून गोविंदा अन् दुसरे ढिवर कमरेभर चिखलपाण्यात उभे होते. उन्हं वर आली तेव्हा तो घरी आला. मांड्यांवरचा गाळ वाळून तडकला होता. वाट्याला आलेला रोहू त्यानं अंगणात टाकला अन् तसाच भिंतीला टेकून बसला.

सून भागीरथा विळी घेऊन बसली. सुगंधाबाई तिच्या डोक्याशी उभी.

"हळू. पोट दाबू नोको. बोट आत घाल, पित्त सोडव, मंग आतडं वढ."

"हो मामी."

"हो मामी म्हनते अन् दाबूनच राह्यली! पाह्य, पाह्य..."

हिरवा थेंब मांसावर पसरला. भागीरथानं घाईनं पाणी ओतलं.

"धू, धू! गंगेत नेऊन धू! पित्त फुटलं की बंदी, सारी मासोळी कडू. धुतल्यानं जाते का ते? तुह्या मायनं तुले हेबी नाई शिकवलं?"

भागीरथा पाणी ओततच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला या घरात वर पाहून बोलायची सवय लागली नव्हती. रोहू कडूच झाला. गोविंदानं निमूट खाल्ला, अन् रिंकूनं पहिलाच घास थुंकला.

रिंकू त्यांची पोर, पाच वर्षांची. त्याच दुपारी अंगणातल्या दगडावर तिला आंघोळ घालताना भागीरथाचा हात पोटावरच थांबला.

"मामी, इकडे या ना. हे काय लागते?"

सुगंधाबाईनं ओल्या पोटावर हात फिरवला. डाव्या अंगाला, बरगडीखाली, घट्ट गोळा. हलत नव्हता. पोरगी हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती.

"वायगोळा," सुगंधाबाई म्हणाली. "तुह्या मायच्या घरी गेली होती ना परवा? कोनाच्या हातचं खाल्लं कोन जाने. नाई त त्या घरामागच्या सुकरीची नजर. कालच म्हनत होती, पोरगी भरली वो. आता पाहजो, कसा बसवते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तेल तापू लागलं. रिंकू आजीच्या मांडीवर डोकं टाकून पडायची अन् सुगंधाबाई अंगठे रोवून गोळा खाली सरकवायची. गोळा सरकत नव्हता. तिनं जोर वाढवला. असा हट्टी गोळा तिच्या हाताखाली आधी आला नव्हता, अन् त्याचा तिला रागच येऊ लागला. पोरीला मात्र ते चोळणं आवडायचं. रोज सकाळी तीच तेलाची बाटली घेऊन यायची.

मग एक दिवस रिंकूची लघवी लाल झाली.

"लाल भाजी खाल्ली असन," सुगंधाबाई म्हणाली.

"भाजी कुठी केली मामी? चार दिवस झाले, आंबीलच खाऊन राह्यलो."

गोविंदा अन् भागीरथानं त्याच दिवशी पोरीला सावलीला नेलं. सुगंधाबाई मागं लागून गेली, कारण डॉक्टर काय सांगतो अन् काय दडवतो हे गोविंदाला कळलं नसतं. डॉक्टरनं पोटावर बोटं ठेवली अन् लगेच उचलून घेतली. त्याचा चेहरा बदलला.

"कोणी चोळलं का हे?"

सुगंधाबाईला वाटलं, आता हा आपल्यावर ढकलणार. दवाखान्यात माणूस मेला की घरच्यांचं नाव घेतात, हे तिला ठाऊक होतं.

"नाई," ती म्हणाली. "आमी काऊन चोळू?"

भागीरथानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, अन् पुन्हा खाली घातली.

"आता कोणी हातही लावायचा नाही," डॉक्टर म्हणाला. गडचिरोलीला पोटाचा फोटो निघाला. तिथून त्यांना सरळ नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कपडेलत्ते घ्यायला गावी येऊन पुन्हा निघाले, तेव्हा सुकरी एसटीच्या फाट्यापर्यंत आली होती. सुगंधाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "सांभाळजा वो बाई. तिकडे लेकरायचे गुरदे काढून घेतेत म्हने." या एका गोष्टीत मात्र सुगंधाबाईला सुकरीचं बोलणं पटलं.

वार्डात खाटेला खाट लागून होती. फिनेलचा वास डोक्यात जाई. रिंकूला खाटेवर टाकल्याबरोबर सिस्टरनं डोक्याशी एक पाटी टांगली. सुगंधाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं गोविंदाकडून वाचून घेतली, अन् तो खरंच तेवढंच वाचतो का, म्हणून जाणाऱ्या एका पोरीकडून पुन्हा वाचून घेतली. दोघांनी तेच वाचलं. 'पोटाला हात लावू नये.'

"काऊन लावू नये?" तिनं गोविंदाला विचारलं. "त्यायनं लावला त चालते, आपन नाई. म्हनजे आत काय आहे ते आपल्याले कळू नये."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आली. तरुण, डोळ्यांखाली काळं झालेलं. तिनं गोविंदाला नीट समजावून सांगितलं, की गाठ डाव्या किडनीत आहे, लहान पोरांना होते, लवकर काढली तर पोर वाचू शकते. पण गाठ एकटी निघणार नाही, किडनीसकट काढावी लागेल. माणसाला दोन किडन्या असतात, एकीवर माणूस जगतो.

ती जायची वाट पाहून सुगंधाबाई मुलाकडे वळली.

"आयकलं? गुरदा पाहिजे त्यायले. सुकरी खोटं नाई बोलली."

"माय, गाठ आहे ते."

"देवानं दोन दिले, त एक काय दवाखान्यासाठी दिला? पोरीले घरी ने, गोविंदा. मी बसवते गोळा."

गोविंदाचं मन डळमळलं. रात्रभर तो व्हरांड्यात बिड्या ओढत बसला. सकाळी त्यानं भागीरथाला विचारलं, नेऊ का घरी? भागीरथा म्हणाली, "नाई." लग्न झाल्यापासून तिनं पहिल्यांदा तो शब्द असा उच्चारला होता, अन् सुगंधाबाईला तिच्याही मनात काहीतरी काळंबेरं दिसू लागलं.

त्यातच ती मनकर्णा. आलापल्लीकडची बाई, नवरा लाकडाच्या डेपोत कामाला. शेजारच्या खाटेवर तिची नात पुनम होती. पोरीच्या डोक्यावर केस नाही, भुवया नाही, पण वार्डभर हुंदडायची. मनकर्णा गोड बोलायची. रिंकूला बिस्कीट द्यायची, सुगंधाबाईला चहा आणून द्यायची.

"हिचंबी काढलं?" सुगंधाबाईनं पुनमकडे बोट दाखवून विचारलं.

"हो बाई. मांगच्या साली. आता सुईसाठी येतो आमी." मनकर्णानं पोरीचं झबलं वर करून पोटावरचा आडवा व्रण दाखवला. "पाहा ना, कशी खेळून राह्यली."

फुकटचा चहा कोणी देत नाही, हे सुगंधाबाईला पक्कं माहीत होतं. तिनं पाळत ठेवली. अन् तिच्या ध्यानात आलं, की भागीरथा औषधाला किंवा पाण्याला खाली गेली, की मनकर्णा आपली जागा सोडून रिंकूच्या खाटेशी येऊन बसते. भागीरथा आली की उठते. सुगंधाबाईनं पदर सावरला तरी मनकर्णाचे डोळे तिच्या हाताकडे जात.

"पाह्य," ती गोविंदाला म्हणाली, "हे बाई दलाल आहे. गावगाड्यातले लोक पटवाले ठेवली असन. आपल्या नातीचा गुरदा देऊन बसली, आता दुसऱ्यायचे गोळा करून राह्यली."

"काईबी बोलते तू, माय." पण गोविंदानंही त्या दिवशी मनकर्णाचा चहा घेतला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोविंदा रक्त द्यायला गेला. भागीरथा औषध आणायला खाली गेली. दुपार झाली होती. पंखा नुसता गरम हवा फिरवत होता. रिंकू कण्हू लागली.

"आजी, दुखते."

"कुठी माय?"

"इथी. चोळ ना. घरी चोळत होती तसं."

सुगंधाबाईचा हात कमरेला गेला. कमरेच्या पिशवीत तेलाची बाटली होती. घरून निघताना तिनं ती कोणाला न दाखवता घेतली होती. उद्या हे लोक पोरीला चिरणार. आज एकदा गोळा बसला असता, तर उद्याची वेळच आली नसती. तिनं बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं, झबलं वर केलं.

तोच मनकर्णानं झडप घालून तिचं मनगट धरलं.

"बाई, नोको! पोटाले हात लावू नोको!"

"सोड! माही नात आहे. तू कोन मले अडवनारी?"

"नात तुमचीच आहे. पन हात नोको लावू."

"वळखलं मी तुले पहिल्याच दिवशी!" सुगंधाबाईचा आवाज चढला. "दलाल! लेकरायचे गुरदे विकते! तुह्या नातीचा विकला, आता माह्या नातीवर डोळा!"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून पाहू लागली. रिंकू कण्हायची थांबली. मनकर्णानं मनगट सोडलं.

"मले काय गरज पडली वो बाई? तुमच्याच सुनेनं माह्यापुढे हात जोडले. म्हने, मावशी, मी खाली गेली की माह्या सासूवर नजर ठेवजा. ती पोट चोळते."

सुगंधाबाईच्या तळहातावरचं तेल कोपरापर्यंत ओघळलं. तिनं दाराकडे पाहिलं. औषधाची पिशवी घेऊन भागीरथा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"खरं आहे हे?"

"हो मामी."

"माह्यावर पहारा? परक्या बाईचा? मी काय चोर आहे?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोपल्या तपासल्या, पण आपली टोपली कोणी तपासावी हे तिनं कधी सोसलं नव्हतं.

भागीरथानं पिशवी खाली ठेवली. या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"मामी, माह्या हातानं रोहूचं पित्त फुटलं होतं. आठवते?"

"त्याचं आता काय?"

"तुमी म्हनल्या होत्या, पोट दाबू नोको, पित्त फुटलं की बंदी मासोळी कडू. धुतल्यानं जात नाई. डाक्टरीनबाईनं मले तेच सांगतलं. त्या गोळ्यावर पातळशी साल आहे. जोरात दाबलं अन् साल फुटली, त आतलं बंद्या पोटात पसरन. मंग काढता येत नाई. म्हनून पाटी लावली." तिनं रिंकूचं वर गेलेलं झबलं हलकेच खाली ओढलं. "तुमाले सांगतलं असतं, त आयकलं असतं तुमी? तुमी म्हनल्या असत्या, डाक्टर खोटं बोलते. म्हनून मी मावशीच्या पाया पडली. मले माही पोरगी पाहिजे, मामी."

सुगंधाबाई खाटेच्या कडेवर बसली. पाटी तिनं दोघांकडून वाचून घेतली होती, पण एकाकडूनही तिला ती कळली नव्हती. पित्त मात्र कळलं. हजारो मासोळ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. बोटाखाली ती पिशवी कशी थरथरते, अन् जरा जोर पडला की कशी फुटते, हे तिला डोळे मिटूनही माहीत होतं. अन् त्या हट्टी गोळ्यावर आपण रोज अंगठे रोवत होतो. गोळा सरकत नाही म्हणून रागानं आणखी दाबत होतो. लघवी लाल झाली, तेव्हा आत काय झालं असेल? इतकी भीती तिला वैनगंगेच्या पुरात नवऱ्याची होडी उलटी वाहताना पाहूनही वाटली नव्हती.

तिनं लुगड्याच्या घोळाला हात पुसले. उठली अन् डॉक्टरीणबाईच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, सावलीले मले विचारलं होतं. मी नाई म्हनली. मी चोळलं. रोज चोळलं, लाल लघवी होयेपर्यंत."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. "जोरात?"

"गोळा बसवाले जोर लागतेच ना, बाई."

"बरं झालं सांगितलंत. आत कुठे फुटलंय का, ते उद्या पोट उघडल्यावर नीट बघू. पुढचं औषध त्यावर ठरतं."

तिनं एवढंच म्हटलं. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर सुगंधाबाईला बरं वाटलं असतं.

"एक मागू का?" सुगंधाबाई जाता जाता थांबली. "जे काढाल, ते पहिले आमच्यासमोर मांडजा. आमच्यात तसं असते."

"सगळ्यांनाच दाखवतो आम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या दाराबाहेर घरची तिघं बसून होती. गोविंदा उठे, बसे, पुन्हा उठे. भागीरथा भिंतीला डोकं टेकून. मनकर्णा थोडं अंतर ठेवून बसली होती. उन्हं उतरली तेव्हा दार उघडलं. डॉक्टरीणबाईच्या हातात स्टीलचं भांडं होतं, वर हिरवं फडकं.

"पोर ठीक आहे," ती आधी म्हणाली, अन् मग तिनं फडकं काढलं.

गोविंदानं पाहिलं अन् तोंड फिरवलं. सुगंधाबाई पुढं झाली. कतला माशाच्या डोक्याएवढा गोळा होता. त्याच्या एका टोकाला चिकटलेला, दाबून चपटा झालेला गुरदा. असला गुरदा कोण विकत घेणार होतं? ती वाकून गोळ्याची साल पाहू लागली, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"फुटलं का, बाई?"

"मोठं कुठे फुटलेलं दिसत नाही. पण मागच्या बाजूला एका ठिकाणी साल विरलीय. तेवढा तुकडा तपासायला जाईल. तोवर फुटलंय असंच धरून चालू. औषध जास्त द्यावं लागेल, किरणांचा शेकही द्यावा लागेल. पोरीला त्रास होईल. केस जातील."

"वाचन ना पन?"

"वाचावी म्हणूनच सगळं चाललंय. आत्ता याहून जास्त मी सांगणार नाही."

सुगंधाबाईनं त्या जागेकडे पुन्हा पाहिलं. चोळताना आपला डावा अंगठा कुठे यायचा, ते ती मनात आठवू लागली. तिला ते ठरवता येईना. डॉक्टरीणबाईनं फडकं टाकलं. भांड्यात आणखी काही दडवलंय का, हे पाहायचं सुगंधाबाईला सुचलंसुद्धा नाही.

रिंकूच्या टाक्यांवरची पट्टी बदलून लहान झाली, ती खाटेवर उठून बसू लागली, तेव्हा मनकर्णा पुनमला घेऊन आलापल्लीला जायला निघाली. सुगंधाबाई तिच्यासोबत जिन्यापर्यंत गेली. तिथं तिनं पुनमच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

"दलाल म्हनली मी तुले. मनावर नोको घेऊ वो."

"घेतलं होतं," मनकर्णा म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "पन आता मी चालली. तुमच्यावर पहारा कोन करन?"

सुगंधाबाईही हसली. वार्डाकडे परत येताना मात्र तिला तो प्रश्न खरोखरच पडला.

त्याच दुपारी भागीरथानं औषधाची चिठ्ठी घेतली अन् पायात चप्पल सरकवली.

"मामी, खाली लाईन गंज मोठी आहे. मले वेळ लागन. पोरीपाशी बसा."

अन् ती गेली. दाराशी वळून पाहिलं नाही.

सुगंधाबाईनं सवयीनं चारी बाजूला नजर टाकली. सिस्टर लांबच्या टोकाला होती. पलीकडची म्हातारी भिंतीकडे तोंड करून घोरत होती. मनकर्णाच्या खाटेवर नवीन बाई आली होती, लेकराला भात भरवत होती. आता पहारा हिचाच असणार. सुगंधाबाई जरा वेळ तिच्याकडे रोखून पाहत राहिली. मग राहवेना म्हणून उठून तिच्याजवळ गेली.

"काय वो, माह्या सुनेनं तुले काई सांगून ठेवलं का?"

"नाई जी," ती बाई गोंधळून म्हणाली. "मी त सकाळीच आली. काय सांगतलं?"

"काई नाई."

ती परत येऊन खाटेवर बसली. तिचे डोळे भरले, ते तिनं पदरानं पुसले.

"आजी," रिंकू म्हणाली, "पोट चोळ ना."

डोक्याशी पाटी तशीच टांगलेली होती. सुगंधाबाईनं कमरेच्या पिशवीतून बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं, पोरीच्या पायाशी सरकली अन् तिचे तळवे चोळू लागली. उन्हाळ्यानं भेगाळलेले, अनवाणी पाळीवर धावणारे पाय. तिथं तिनं हवा तेवढा जोर लावला.

"पोट म्हनलं ना मी."

"पायाचं तेल पोटात जाते."

रिंकूनं डोळे बारीक करून आजीकडे पाहिलं. "खोटं बोलते तू."

"बरोबर माह्यावर गेली," सुगंधाबाई म्हणाली, अन् चोळत राहिली.

भागीरथा वर आली तेव्हा उन्हं खिडकीतून खाली सरकली होती. तिनं औषधाची पिशवी खाटेखाली ठेवली. सासूच्या हातावर तेल होतं, ते तिला दिसलं. तिनं झबलं उचलून पाहिलं नाही, खाटेच्या दुसऱ्या कडेला टेकली.

"झोपली?"

"झोपली," सुगंधाबाई म्हणाली. "हळू बोल."